उघडायचं त्यांनी, मिटायचं हिने

माझी ताई रागीट आहे, असं आमच्या नात्यात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. तिला राग का येतो हे विचारायला त्यांच्यातलं कोणी कधी फिरकलं नाही. मी विचारलंय. आणि एका दुपारी तर तो राग ऐन भरात असताना मी तिच्या घरात, पलंगाची कड आणि दार यांच्यामध्ये अडकून उभी होते. म्हणून मीच सांगते.

ताई गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात कापड कापते. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, वरच्या थरावर खडूने खुणा करायच्या आणि विजेची कात्री सगळ्या थरांतून एकदम फिरवायची. हात जरा हलला की शंभर पँटींचा डावा पाय आखूड. हे काम उभ्यानेच करावं लागतं, बसून टेबलाच्या मध्यापर्यंत हात पोचत नाही. ते कापायचं टेबल तिच्या घरातल्या खोलीपेक्षा लांब आहे. संध्याकाळपर्यंत तिच्या पोटऱ्या दगडासारख्या होतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी तिच्याकडे राहायला गेले होते तेव्हा ती मला म्हणाली होती, "घरी आल्यावर मला काही नको गं. फक्त टेकायला जागा हवी."

तेवढीच मिळाली नाही.

घर म्हणजे एक खोली, एक स्वयंपाकघर आणि कोपऱ्यात न्हाणीघर. राहणारी माणसं चार. ताई, भावोजी, भावोजींची आई आणि ताईची लेक. त्या सासूबाईंचे गुडघे केव्हाच कामातून गेलेत, आणि लेक शाळेत पुढच्या वर्गात जाईल तशी तिची पुस्तकं वाढतायत. घर लहान आहे हा काही कोणाचा गुन्हा नाही. लहान घरात माणसं सुखाने राहतात, आम्हीही वाढलोच की. पण लहान घर आणि हुशार नवरा एकत्र आले की काय होतं, ते ताईला विचारा.

भावोजी एका मोठ्या गोदामात माल लावून घेण्याचं काम बघतात. तिथे त्यांचा शब्द चालतो. जिथे दुसरा माणूस खोकी रचून हात टेकतो, तिथे भावोजी डोळे बारीक करून बघतात आणि आणखी एक रांग बसवून दाखवतात. खिशात कायम मोजायची टेप. शेजारीपाजारी त्यांना 'टेप' म्हणूनच ओळखतात. माणूस वाईट नाही. व्यसन नाही, आवाज चढवत नाहीत, पगार आणून हातात देतात. याच्यामुळेच तर पंचाईत. भांडावं तर लोक म्हणतात, एवढा गुणी नवरा, आणखी काय हवं तुला?

तर या गुणी माणसाने एक दिवस आपल्या घराकडेही डोळे बारीक करून बघितलं.

पहिल्यांदा सासूबाईंचा पलंग गेला. म्हणजे भिंतीत गेला. सुताराला बोलावून त्यांनी असा पलंग करून घेतला की सकाळी उचलून उभा केला की लाकडी कपाटासारखा दिसावा. मग टेबल. तेही भिंतीला, बिजागरीवर, साखळीने टांगलेलं. मग कपाटाच्या दारातून खाली पडणारी इस्त्रीची फळी. कपाटाखालून ओढून काढायची गादी, त्यावर ताई आणि भावोजी झोपणार. स्वयंपाकघराच्या दारावर लेकीसाठी पोटमाळा आणि त्याला सरकती शिडी. छताला कपडे वाळवायचा दांडा, दोरी सोडली की खाली येणारा. एकात एक बसणारी स्टुलं. विळी ठेवायलाही ओट्याखालून सरकणारी पाटी.

कौतुक करण्यासारखंच होतं सगळं, मी नाही म्हणत नाही. पण त्याचे कायदे होते. पलंग पाडला की बाहेरचं दार अर्धंच उघडायचं. टेबल पाडलं की न्हाणीघराचं दार अडायचं. शिडी ओढली की स्वयंपाकघरात जायची वाट बंद. म्हणून भावोजींचा नियम ठरला, उघडलं की लगेच मिटायचं. बोलायला फार सोपा नियम. मिटायचं कोणी, हे त्यात कुठेच नव्हतं, आणि सांगायची गरजही कोणाला वाटली नाही.

सकाळी भावोजी गादीवरून उठायचे आणि तोंड धुवायला जायचे. गादी ताई सरकवायची. सासूबाईंना हात देऊन उठवायची, स्वयंपाकघरात स्टुलावर नेऊन बसवायची, मग पलंग उचलायचा. लेक शिडीवरून उतरली की शिडी आत. टेबल खाली, नाश्ता, टेबल वर. इस्त्रीची फळी खाली, भावोजींचा शर्ट, फळी वर. मग कारखान्यात जाऊन दिवसभर उभं राहायचं, संध्याकाळी येऊन तोच पसारा उलट्या क्रमाने. एकदा मी म्हटलं, "भावोजी, निदान तुमची गादी तरी सरकवत जा की." ते हसून म्हणाले, "अगं, तिच्या हाताला सवय आहे. मी केलं की चाक रुळावरून उतरतं."

त्या घरात ताईची एक खुर्ची होती. एका दातांच्या डॉक्टरचा दवाखाना बंद झाला तेव्हा तिने तिथून उचललेली, जाड हातांची, जड, काळी पडलेली. कामावरून आली की ती त्या खुर्चीत बसायची, पाय समोर स्टुलावर आणि चहा हातात. तेवढा वेळ तिला कोणी हाक मारायची नाही, हे लेकीलासुद्धा कळत होतं. एके दिवशी ती घरी आली तर खुर्चीच्या जागी मोकळी फरशी. भावोजींनी ती गोदामाच्या पहारेकऱ्याला देऊन टाकली होती.

"मिटत नव्हती ती," ते म्हणाले. "दोन माणसांची जागा खात होती."

"आणि मी?" ताई म्हणाली. "मी किती माणसांची जागा खाते, तेही काढा टेप आणि मोजा."

"झालं तुझं सुरू," भावोजी म्हणाले आणि वर्तमानपत्रात शिरले. बिचारे! त्यांना खरंच कळत नव्हतं. मला तर त्या न कळण्याचाच सगळ्यात जास्त संताप येतो.

लोक घर बघायला यायचे. भावोजींचे सहकारी, त्यांच्या बायका, कोणाचे कोण. भावोजी मध्ये उभे राहून सांगायचे, "आता बघा हं, पलंग!" आणि ताई पलंग पाडायची. "गायब!" आणि ताई उचलायची. जादूच्या प्रयोगात ती बाई नसते का, पेटीत शिरणारी, तशी. आणि वर बघायला आलेल्या बायका तिलाच म्हणायच्या, "नशीबवान हो तुम्ही वहिनी, आमच्या ह्यांना खिळा ठोकता येत नाही." ताई हसायची. तसं हसताना तिच्या जबड्याची शीर उडते, ती मला दिसायची.

मग एकदा कारखान्यात वीज गेली आणि ताई दुपारीच घरी आली. स्वयंपाकघरात सासूबाई फरशीवर आडव्या पडलेल्या. ताई धावली. पण त्या पडल्या नव्हत्या. नुसत्या झोपल्या होत्या. "काय करू गं," त्या म्हणाल्या, "स्टुलावर बसून कंबर मोडते. पलंग मला ओढवत नाही. खाली झोपते, मग तुझी लेक शाळेतून आली की मला उठवते. तुला सांगू नको म्हणून मीच बजावलं होतं तिला."

घरात हक्काचा पलंग भिंतीला लावून ठेवलेला, आणि ही म्हातारी रोज दुपारी फरशीवर, नातीची वाट बघत! ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळी तिने भावोजींना धारेवर धरलं. भावोजींना वाईट वाटलं, अगदी खरं वाईट वाटलं. म्हणाले, "आधी सांगायचं ना. मी पट्टा लावून देतो. ओढला की पलंग खाली!"

"आणि वर कोण उचलणार?"

"तू आहेस की."

"अहो, पलंग दिवसभर खालीच राहू दे ना."

"दिवसा पलंग खाली? मग एवढं केलं कशाला? सगळी जागा वायाच की!"

पट्टा लागला. सासूबाईंनी तो एकदाही ओढला नाही. सुनेला आणखी एक काम कशाला, म्हणून.

हे सगळं धुमसत असतानाच गोदामाचे मालक घर बघायला यायचं ठरलं. भावोजींच्या बढतीचं चाललं होतं, त्यामुळे त्यांच्या अंगात वारं भरलं होतं. चहापाण्याला मदत म्हणून ताईने मला बोलावून घेतलं. सुट्टीची दुपार होती. मालक आले. चांगले भरभक्कम गृहस्थ, दारातून आत आले तर खोली एकदम निम्मी झाल्यासारखी वाटली. सासूबाईंना आधीच स्वयंपाकघरात स्टुलावर बसवलं होतं, पाहुण्यांना अडचण नको म्हणून. लेक पुस्तक घेऊन ओट्याला टेकून उभी.

प्रयोग सुरू झाला. टेबल खाली, टेबल वर. फळी खाली, फळी वर. मालक टाळ्या वाजवत होते. भावोजींना मूठभर मांस चढत होतं आणि ताईच्या कपाळावरून घाम निथळत होता. शेवटी पलंग. ताईने तो पाडला, दाखवला, आणि परत उचलायला लागली.

तेव्हा मालक म्हणाले, "म्हणजे एवढ्याशा जागेत चार माणसं ऐसपैस राहतात. मग आपण गोदामामागे मजुरांसाठी त्या दोन-दोन खोल्या कशाला बांधतोय? एकच पुरे. भिंतीला अशा फळ्या ठोकून दिल्या की झालं. त्याच जागेत दुप्पट कुटुंबं बसतील!"

"बसतील ना साहेब," भावोजी म्हणाले. "आराखडा मी देतो काढून."

बसतील. खोकी बसतात तशी.

ताईच्या हातात पलंग अर्धा उचललेला होता. तिने तो सोडून दिला. असा धाडकन आदळला की खालच्या मजल्यावर कोणीतरी ओरडलं.

"साहेब, थांबा," ती म्हणाली. "निम्मंच बघितलंत. उरलेलं मी दाखवते."

तिने टेबल पाडलं. इस्त्रीची फळी पाडली. शिडी ओढली. कपाटाखालची गादी खसकन बाहेर काढली. दोरी सोडून कपड्यांचा दांडा खाली आणला, आदल्या दिवशीच्या ओल्या चादरींसकट. मी दाराशी उभी होते, पलंगाची कड माझ्या पोटाला लागली आणि पाठीशी दार. हलायची सोय राहिली नाही. मालक टेबल आणि फळी यांच्यामध्ये, नाकासमोर ओली चादर.

"आता संध्याकाळ झालीय असं समजा," ताई म्हणाली. "सासूबाईंचे पाय दुखतायत, त्यांना आडवं व्हायचंय. लेकीची उद्या परीक्षा, ती टेबलाशी. ह्यांना सकाळी लवकर जायचंय, शर्टाला इस्त्री हवी. कपडे वाळलेले नाहीत. मी दिवसभर उभी राहून आलेय. आता मला सांगा, मी कुठे बसू?"

मालक हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "वहिनी, एकेक करून..."

"एकेक करून! तेच सांगतेय. या घरात एका वेळी एकच माणूस जगतो. बाकीचे आपली पाळी यायची वाट बघत उभे असतात. माझी तर पाळीच नाही. ह्यांनी जागा वाचवली म्हणता, ती माझ्या पायांतून वाचवली. तुमच्या मजुरांच्या बायका पण दिवसभर ओझी उचलून येतात ना? घरी येऊन त्यांनी पलंग उचलायचे?"

"अगं, काय बोलतेस!" भावोजी फळीपलीकडून ओरडले. त्यांना तिच्यापर्यंत पोचता येत नव्हतं. स्वतःच मोजून लावलेल्या त्या फळीने त्यांना अडवून धरलं होतं.

आणि मग सासूबाई उठल्या. भिंतीला धरत, शिडीच्या पायरीखालून वाकून, एकेक पाऊल टाकत पलंगापाशी आल्या आणि आडव्या झाल्या. उशी नीट केली. लांब श्वास सोडला.

"आई, अगं पाहुणे आलेत, उठ," भावोजी म्हणाले.

"नाही उठणार," सासूबाई म्हणाल्या. "माझा पलंग आहे. दिवसा झोपून कसं वाटतं ते बघू दे मला."

लेकीला हसू फुटलं. मालकांना नाही फुटलं. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. जायला निघाले, पण जाणार कुठून? शेवटी इस्त्रीच्या फळीखालून वाकून, चादर डोक्यावर घेऊन, गादीवर बुटाचे ठसे उमटवत ते दारापर्यंत आले. दार अर्धंच उघडत होतं. मी म्हटलं, "साहेब, पोट आत घ्या." चेष्टा करायची म्हणून नाही हो, दुसरा मार्गच नव्हता.

ते गेल्यावर भावोजी पांढरेफटक पडले होते. "नाक कापलंस माझं," ते म्हणाले. "बढती तर गेलीच, आता नोकरी राहिली म्हणजे मिळवली."

"तुमचं नाक!" ताई म्हणाली. "माझी एक खुर्ची मावली नाही या घरात, तुमच्या नाकाला मात्र भरपूर जागा. ऐका आता. आजपासून मी काहीही मिटणार नाही. ज्याला चालायला वाट हवी, त्याने मिटावं."

आणि तिने ते पाळलं. पुढचे काही दिवस त्या घरात जायचं म्हणजे अडथळ्यांची शर्यत होती. भावोजी न्हाणीघरात जाताना स्वतः टेबल उचलायचे आणि बाहेर यायला दार ढकलावं तर कोणीतरी ते परत पाडलेलं असायचं. एका सकाळी त्यांनी पलंगाला हात घातला तर सासूबाई म्हणाल्या, "उचल. माझ्यासकट उचल." त्या दिवशी ते आयुष्यात पहिल्यांदा कामावर उशिरा पोचले. गादी सरकवताना चाक रुळावरून उतरलं, ते तासभर घाम गाळत बसवलं. ताई शेजारी उभी राहून केस विंचरत होती. सवय होईल हो हाताला, एवढंच म्हणाली.

त्यांनी माफी मागितली का? नाही. तसली माणसं मागत नाहीत. पण एका संध्याकाळी मी गेले तेव्हा पलंगाच्या साखळ्या निघाल्या होत्या आणि पलंगाला चार पाय लागले होते. दार अजून अर्धंच उघडतं. आता त्या पलंगावरच सगळं होतं. सासूबाई उशाशी, लेक पायथ्याशी पुस्तक घेऊन, आणि कामावरून आलेली ताई मध्ये, भिंतीला पाठ टेकून, पाय लांब करून. भावोजी टेबल मिटतात, मिटताना पुटपुटतात, "केवढी जागा वाया." पुटपुटू देत.

एवढ्यावर संपलं असतं तर बरं झालं असतं. पण मालकांनी त्या खोल्या बांधल्याच. आराखडा दुसऱ्याच कोणाकडून काढून घेतला. एकेकच खोली, भिंतींना फळ्या आणि बिजागऱ्या. ताईचा कारखान्याचा रस्ता तिथूनच जातो. सकाळी प्रत्येक दाराबाहेर कोणी ना कोणी उभं असतं, कोणी पोराला कडेवर घेऊन, कोणी दात घासत. एकदा तिने एका बाईला विचारलं, "बाहेर का उभ्या?" बाई म्हणाली, "आत सासऱ्यांचा पलंग पाडलाय. त्यांची रात्रपाळी असते, आत्ताच झोपलेत."

त्या दिवशी ताईने कापडाच्या थरांची एक अख्खी चळत वाया घालवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. हात हलला, म्हणाली.

मग सुट्टीच्या दिवशी ती तिथे जायला लागली. चार बायका गोळा झाल्या, मग दहा. सगळ्या मिळून घरटी आणखी एक खोली मागायला मालकांच्या कचेरीत गेल्या. मालकांनी ताईला ओळखलं आणि त्यांचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी त्यांनी भावोजींना बोलावून सांगितलं, "तुमच्या बायकोला आवरा."

हे भावोजींनी घरी येऊन, टेबल पाडता पाडता सांगितलं. ताई पलंगावरून म्हणाली, "मग? काय म्हणालात तुम्ही?"

भावोजी साखळी अडकवत राहिले. म्हणाले, "म्हटलं, साहेब, ती मिटत नाही."

ताई हसली नाही. मी हसले, तर मलाच ओरडली.

खोल्या तेवढ्याच आहेत. त्या आता वाढायच्या नाहीत. फार आरडाओरडा झाल्यावर मालकांनी मागच्या पत्र्याच्या शेडमधला भंगार माल हलवला आणि तिथे दोन बाकं टाकून दिली. रात्रपाळीवाल्यांनी दिवसा तिथे टेकावं म्हणे. ताईचं डोकं त्यावरून अजून तापलेलं आहे. "बाकं!" ती म्हणते. "माणसाला आडवं व्हायचं असतं आणि हे बाकं देतात!" येत्या सुट्टीला ती परत कचेरीत जाणार आहे, आणि या वेळी सासूबाईंनाही रिक्षात घालून नेणार आहे. म्हातारी तयारीत आहे. कचेरीतला सोफा लांब आहे का, तेवढं आधी बघून ठेव, असं तिने मला सांगितलंय.